झेड४ चे चार टायर: पुणे, ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२५

१० ऑगस्ट, रविवार

आज सकाळी गाडी पार्किंगमधून बाहेर काढून, जॅकवर एकेक चाक उचलून, चारही टायर हाताने चाचपून आणि गेजने मोजून पाहिले. गाडी बीएमडब्ल्यू झेड४ आहे, ई८९ पिढीतील, ३५आय, २०११ ची. मी ती २०१९ मध्ये दुसऱ्या हाताने घेतली, आणि तेव्हापासून टायर या विषयाकडे मी सोयीस्कर दुर्लक्ष केले. बाहेरून पाहणाऱ्याला टायर ठीकच वाटतात. चाक उचलल्यावर मात्र कळले की मागच्या दोन्ही टायरची बाहेरची कड ३.८ मिलिमीटर, मधला भाग ३.१ आणि आतली कड जेमतेम १.९ मिलिमीटर उरली आहे. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. म्हणजे आतल्या कडेला टायर जवळजवळ गोटा झाला आहे आणि अशा टायरवर मी निम्मा पावसाळा काढला आहे.

पुढच्या टायरमध्ये अजून चार मिलिमीटर खाच शिल्लक आहे, पण उजव्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर सुपारीएवढा फुगा आला आहे. खड्ड्यात चाक आदळले की आतले धागे तुटतात, हवेचा दाब सांभाळायला फक्त रबर उरते आणि तेच बाहेर फुगते. हा फुगा दुरुस्त होत नाही. त्यामुळे टायर बदलेपर्यंत गाडी द्रुतगती मार्गावर न्यायची नाही, असे आजच ठरवले.

उत्पादनाची तारीखही पाहिली. भिंतीवरील डॉट क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात. पुढच्यांवर २२१८ आहे, मागच्यांवर ३५१७. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि माझ्या मागच्या टायरवर ते नेमके आतल्या बाजूला निघाले, म्हणून गाडीखाली आडवे पडून बॅटरीच्या उजेडात वाचावे लागले. सात-आठ वर्षांच्या या टायरमधील फक्त मागची जोडी बदलायची की चारही, हा प्रश्न त्या फुग्याने परस्पर निकालात काढला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

माप लिहून ठेवतो, कारण पुढची सगळी धावपळ त्याभोवतीच होणार आहे. पुढे २२५/४० आर१८, मागे २५५/३५ आर१८. यात पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा भिंतीच्या उंचीचा, रुंदीच्या टक्क्यांत; आणि शेवटचा रिमच्या व्यासाचा, इंचांत. दिसायला मागचा टायर मोठा असला तरी हिशेब केला तर पुढच्या चाकाचा व्यास ६३७ मिलिमीटर येतो आणि मागच्याचा ६३६. मागे रुंदी वाढवून उंची तेवढीच ठेवली आहे, कारण एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि स्थिरता नियंत्रण चारही चाकांच्या फिरण्याच्या वेगाची सतत तुलना करत असतात. माप वेगवेगळे असल्यामुळे पुढचे टायर मागे टाकून झीज सारखी करण्याची सोय या गाडीत नाही.

पहिला फोन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात केला. तेथील सल्लागाराने अतिशय सौजन्याने सांगितले की मूळचेच, म्हणजे भिंतीवर ताऱ्याची खूण असलेले रनफ्लॅट टायर मागवता येतील. चार ते सहा आठवडे लागतील, रक्कम आगाऊ भरावी लागेल आणि एकूण खर्च एक लाख वीस हजारांच्या पुढे जाईल. ताऱ्याची खूण म्हणजे तो टायर बीएमडब्ल्यूने स्वतः तपासून मान्य केलेला असतो. ती खूण चांगली आहे, पण ती नसलेला टायर वाईट असतो असे मात्र नाही.

रनफ्लॅटचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. या टायरची भिंत इतकी जाड आणि ताठ असते की हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून साधारण ८० किलोमीटर जाता येते. झेड४ मध्ये स्टेपनी नाही आणि ती ठेवायला जागाही नाही. छत उघडून डिकीत दुमडले की ती अवघी १८० लिटर उरते. त्यामुळे पुण्याहून साताऱ्याला जाताना पंक्चर झाले तर रनफ्लॅट खरोखर उपयोगी पडतो. परंतु तीच ताठ भिंत खड्ड्याचा धक्का रिमपर्यंत आणि रिममार्फत माझ्या पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचवते. फुगा आलेला टायर रनफ्लॅटच आहे, हेही नोंदवून ठेवतो.

या गाडीत हवा कमी झाल्याची सूचना रिममध्ये बसवलेल्या सेन्सरवरून येत नाही. एबीएसचे सेन्सर चाकांच्या वेगातील फरक टिपतात आणि त्यावरून हवा कमी झाल्याचा अंदाज बांधला जातो. म्हणजे साधे टायर टाकले तरी ही सूचना चालू राहील. साधे टायर घ्यायचे आणि डिकीत १२ व्होल्टचा कंप्रेसर व पंक्चर काढायचे साहित्य ठेवायचे, इथपर्यंत आज आलो आहे. एका जोडीला रनफ्लॅट आणि दुसऱ्या जोडीला साधे, असा अर्धवट मार्ग नको, कारण भिंतींच्या ताठपणातील फरकामुळे गाडीचे पुढचे आणि मागचे टोक वळणावर वेगवेगळ्या स्वभावाचे होते.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज नाना पेठ पालथी घातली. गणपती चार दिवसांवर आल्यामुळे निम्म्या पेठेत मांडवांचे खांब उभे होते. मोटार लांब लावून पायीच फिरलो, आणि ते बरेच झाले, कारण गाडी दाखवली की भाव वाढतो असा माझा जुना अनुभव आहे.

पाच दुकाने झाली. पुढचे माप तीन ठिकाणी तयार होते, कारण २२५/४० आर१८ बऱ्याच गाड्यांना लागते. २५५/३५ मात्र एकाही दुकानात नव्हते. चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना आहे, पण चौथ्या दुकानदाराने २५५/३५ साठी माझ्यासमोर मुंबईलाच फोन लावला. पाचव्याने आपल्याकडे असलेला माल खपवायचा सरळ प्रयत्न केला. "साहेब, २४५/४० टाका, बिनधास्त चालून जाईल, सगळे टाकतात," असे तो म्हणाला. मी खिशातील कागदावर हिशेब करून दाखवला: २४५/४० चा व्यास ६५३ मिलिमीटर होतो, म्हणजे मूळच्यापेक्षा साडेसतरा मिलिमीटर जास्त. मागची दोन्ही चाके पुढच्यांपेक्षा कायम अडीच टक्के हळू फिरतील आणि गाडीच्या संगणकाला ते खटकेल. त्याने कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि चहा मागवला. टायर त्याच्याकडून घेतले नाहीत, पण चहा चांगला होता.

हे माप सहज का मिळत नाही, याचे कारण त्याच चहावर समजले, आणि घरी येऊन वाचले तेव्हा त्याला दुजोरा मिळाला. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर आयएसआय चिन्ह लागते. मोटारीच्या टायरसाठीचे मानक आयएस १५६३३ आहे. परदेशातील कारखान्यालाही भारतीय मानक ब्यूरोचा परवाना काढावा लागतो. त्यात जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित यादीत टाकली, त्यामुळे आयातदाराला परवाना काढूनच माल आणावा लागतो. जे माप वर्षाला मोजकेच खपते, त्यासाठी एवढा खटाटोप करायला कोणी सहसा तयार होत नाही. मोठ्या कंपन्या अशी मापे थोडीथोडी आणतात, ती मुंबई-दिल्लीच्या वितरकांकडे पडून असतात आणि गल्लीतील दुकानदार त्यांना फोन लावून मागवतो. म्हणजे दुकान कुठलेही असो, बहुतेक वेळा माल त्याच दोन-चार गोदामांतून येणार आहे.

एका दुकानाच्या मागच्या बाजूला हव्या त्या मापाचे दोन टायर एकावर एक रचलेले दिसले आणि क्षणभर हरखलो. जवळ जाऊन पाहिले तर खाचा नव्या होत्या, पण खाचांच्या तळाशी झीज दाखवणाऱ्या छोट्या पट्ट्याच नव्हत्या. गुळगुळीत झालेल्या टायरला गरम पात्याने नव्याने खाचा पाडल्या होत्या. मोटारीच्या टायरमध्ये धाग्यांवर तेवढे रबर शिल्लकच नसते. पाते थेट आतल्या पोलादी पट्ट्यांपर्यंत पोहोचते. अशा टायरवर कोणी ताशी शंभरने जात असेल, या कल्पनेनेच तेथून निघालो.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणेशोत्सवामुळे काम बंद आहे. पेठांत मोटार नेणे शक्य नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीत नवे दर ठरले. टायरवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के होणार आणि तो २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी लागू होणार. सोसायटीच्या गटावर सकाळपासून "टायर दहा टक्क्यांनी स्वस्त" असे संदेश फिरत आहेत, पण हिशेब तसा नाही. १०० रुपयांच्या वस्तूची किंमत १२८ वरून ११८ होईल, म्हणजे ग्राहकाला सूट पावणेआठ टक्क्यांच्या आसपास मिळेल.

मला मिळालेले दर करासह पुढच्या टायरला १७,९२० आणि मागच्याला २४,३२० रुपये असे होते. कर काढला तर मूळ किंमत अनुक्रमे १४,००० आणि १९,००० येते. नव्या दराने ते १६,५२० आणि २२,४२० ला पडतील. चार टायरचे ८४,४८० होत होते, ते ७७,८८० होतील. अठरा दिवस थांबण्याचे ६,६०० रुपये वाचतात आणि गाडी तसाही मी कोथरूडच्या बाहेर नेत नाही. थांबतो. शंका एकच आहे, की दुकानदार मूळ किंमतच थोडी वर सरकवतील. म्हणून आजच त्यांच्याकडून कराआधीची किंमत व्हॉट्सॲपवर लेखी घेतली.

९ सप्टेंबर, मंगळवार

टायर कुठून घ्यायचे यापेक्षा ते कोण बसवणार हे आधी ठरवायला हवे, हे मला उशिरा सुचले. माल एकाच गोदामातून येणार असेल तर दुकानादुकानांतील खरा फरक यंत्रात आणि हातात आहे. आज कामावरून लवकर निघून तीन ठिकाणी नुसता उभा राहिलो आणि दुसऱ्यांच्या गाड्यांवर काम कसे चालते ते पाहिले.

पहिल्या ठिकाणी काचेचे दालन, कॉफीचे यंत्र आणि भिंतीवर शर्यतीची चित्रे होती. आत मात्र एक मुलगा एका जर्मन सेडानची १८ इंची रिम यंत्रावर चढवून लोखंडी पट्टीने टायर उपसत होता आणि प्रत्येक झटक्याला रिमच्या कडेवर चंदेरी ओरखडा उठत होता. मालक दालनात बसून ग्राहकाला नायट्रोजनचे फायदे समजावत होते. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, हे त्या ग्राहकाला सांगण्याचा मोह मी आवरला.

दुसऱ्या ठिकाणी यंत्र उत्तम होते, पण गाडी उचलताना हेल्परने जॅक थेट पत्र्याच्या पात्याखाली लावला. झेड४ ला खालच्या बाजूला चार ठरावीक चौकोनी रबरी ठोकळे आहेत आणि जॅक तिथेच लागला पाहिजे. तो चुकला तर आधी प्लास्टिकची पट्टी चिरडते आणि मग पत्रा आत जातो.

तिसरे दुकान वारज्याच्या बाजूला, महामार्गालगत आहे आणि दिसायला अगदी साधे आहे. यंत्राला मदतीचा दुसरा हात आहे, जो कमी उंचीच्या ताठ टायरची भिंत वरून दाबून धरतो. त्यामुळे पट्टीने उपसण्याची वेळ येत नाही. यंत्राच्या जबड्यांवर प्लास्टिकची टोपणे होती आणि ती झिजलेली नव्हती. माझे मन ठरले ते वेगळ्याच गोष्टीने. एका मिस्त्रींनी हवेच्या गनने बोल्ट हलके आवळले, गाडी खाली घेतली आणि मग भिंतीवरचा टॉर्क पाना काढून, हँडलवरचा आकडा चष्म्यातून वाचून, एकाआड एक बोल्ट टिक आवाज येईपर्यंत आवळला. ती गाडी साधी वॅगन आर होती आणि तिचा मालक तिथे नव्हताही. कोणी पाहत नसतानाही हा माणूस पाना वापरतो, म्हणजे माझ्या गाडीलाही वापरेल.

मी त्यांना विचारले, "काका, अशी गाडी कधी केली आहे का?" त्यांनी झेड४ चा फोटो पाहून सांगितले, "गाडी कुठलीबी असू दे, रिम कुठली ते सांगा. बीएमच्या रिमला आत दोन उंचवटे असतात, जुना टायर सुटता सुटत नाही." हे त्यांना ठाऊक आहे, एवढे मला पुरेसे होते. रनफ्लॅट टायर हवा गेल्यावरही रिमवरून निसटू नये, म्हणून बीएमडब्ल्यूच्या अशा रिमच्या आतल्या बाजूला उंचवटा जास्त असतो. ऑनलाइन विकणाऱ्यांकडून टायर मागवून दुसरीकडे बसवायचा विचार होता, तो आज सोडला. काही बिघडले तर विकणारा बसवणाऱ्याकडे आणि बसवणारा विकणाऱ्याकडे बोट दाखवतो. टायर याच दुकानामार्फत येतील.

१३ सप्टेंबर, शनिवार

मागणी नोंदवली. टायर मिशलिन पायलट स्पोर्ट ४, पुढे २२५/४० झेडआर१८ ९२वाय आणि मागे २५५/३५ झेडआर१८ ९४वाय. भार निर्देशांक ९२ म्हणजे एका टायरवर ६३० किलो आणि ९४ म्हणजे ६७० किलो. गाडीला लागणाऱ्यापेक्षा दोन्ही वर आहेत. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. त्या वेगाशी माझा संबंध नाही, पण वेगाची श्रेणी म्हणजे एका परीने उष्णता सोसण्याची श्रेणी असते. मे महिन्यात तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर तिचा उपयोग आहे.

मालकांनी दिलेल्या पावतीवर माझ्या आग्रहावरून चार अटी हाताने लिहून घेतल्या. चारही टायर २०२५ चे असावेत, भिंतीवर आयएसआय चिन्ह असावे, बिल २२ तारखेनंतरचे आणि पक्के असावे, आणि बिलावर प्रत्येक टायरचा डॉट क्रमांक असावा. चौथी अट वाचून मालक हसले, पण त्यांनी ती लिहिली. आगाऊ रक्कम वीस हजार दिली.

२४ सप्टेंबर, बुधवार

माल आला. दुकानात जाऊन एकेक टायर उजेडात फिरवला. पुढचे दोन्ही आणि मागचा एक २०२५ चे होते. मागच्या चौथ्या टायरवर माप सांगणारे भले मोठे स्टिकर नेमके तारखेच्या ओळीवर चिकटवले होते. नखाने कोपरा उचलला तर खाली २२२१ निघाले, म्हणजे २०२१ सालचा बाविसावा आठवडा.

वितरकाचा माणूस फोनवर म्हणत राहिला की टायर गोदामात सावलीत होता, वापरलेला नाही. ते खरेही असेल. नीट ठेवलेला चार वर्षांचा टायर टाकाऊ नसतो आणि सवलतीत दिला असता, तर मी दुसऱ्या एखाद्या गाडीला तो घेतलाही असता. पण मागच्या आसावर एक टायर चार वर्षांचा आणि दुसरा चार महिन्यांचा, आणि दोघांची किंमत एकच, हे मला मान्य नव्हते. दुकानाच्या मालकांनी माझ्याशी वाद घातला नाही. पावतीवरची पहिली अट त्यांनीच वितरकाला वाचून दाखवली. टायर परत गेला. किंमत मात्र ठरल्याप्रमाणे नव्या कराने लागली.

२९ सप्टेंबर, सोमवार

बदली टायर आला, क्रमांक ११२५. जोडीतील दुसऱ्यापेक्षा काही आठवडे जुना आहे. चालेल. दसरा गुरुवारी असल्यामुळे परवापासून दुकानात पाय ठेवायला जागा नसेल, म्हणून उद्या सकाळी नऊला पहिला क्रमांक घेतला आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

टायर बसवले. पूर्ण काम साडेचार तास चालले आणि त्यातला बराच वेळ जुने टायर काढण्यात गेला.

मी घरून चार हॉकी पक, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतील जाड रबरी चकत्या, नेले होते. ते रबरी ठोकळ्यांखाली ठेवून गाडी उचलली, त्यामुळे पट्टीला धक्का लागला नाही. मागचे डावे चाक यंत्राच्या फावड्याखाली आले तेव्हा मिस्त्रीकाकांनी सांगितलेला उंचवटा प्रत्यक्ष पाहायला मिळाला. फावडे दाबले की टायरची कड जेमतेम बोटभर आत सरकायची आणि पुन्हा जागेवर यायची. त्यांनी कडेला साबणाचे पाणी लावले, चाक थोडे फिरवले, पुन्हा दाबले, पुन्हा फिरवले. सहाव्या-सातव्या दाबाला "ठप्" असा आवाज होऊन कड सुटली. हेल्परने पट्टी पुढे केली, तेव्हा काकांनी मान न वळवता "ठेव खाली" एवढेच म्हटले.

रिम मोकळ्या झाल्यावर आतून पुसून घेतल्या, जुने वॉल्व्ह काढून नवे लावले. नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो. टायरचा तो भाग सर्वांत हलका असतो, म्हणून तो वॉल्व्हपाशी ठेवतात. नक्षी असममित आहे, त्यामुळे भिंतीवर "बाहेर" अशा अर्थाचा शब्द लिहिलेली बाजू बाहेरच यावी लागते. हे मी चारही वेळा स्वतः पाहिले.

बॅलन्सिंगमध्ये तीन चाके सरळ झाली. वीस-पंचवीस ग्रॅमची वजने लागली आणि ती रिमच्या कडेला ठोकायची नव्हेत, तर आतून चिकटवायची लावली. मागचे डावे चाक मात्र ८५ ग्रॅम मागू लागले. काकांनी चाक हळू फिरवत रिमच्या आतल्या कडेला खडू टेकवला, तेव्हा एका जागी खडू सुटत होता: कधीतरी खड्ड्यात आपटून कड किंचित आत गेली आहे. वजनांची माळ लावून काम उरकता आले असते. त्याऐवजी त्यांनी हवा काढली, कड पुन्हा सोडवली आणि टायर रिमवर अर्धा फेरा फिरवला, जेणेकरून टायरचा जड भाग रिमच्या जड भागाच्या विरुद्ध बाजूला यावा. पिवळ्या ठिपक्याचा नियम तेवढ्यापुरता मोडला. मागणी ४५ ग्रॅमवर आली. रिमची कड सरळ करून घ्यायची आहे, पण तातडी नाही.

बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळले, टॉर्क पान्याने.

त्यानंतर अलाइनमेंट केले. बीएमडब्ल्यूच्या पद्धतीत सीटवर ठरावीक वजन ठेवून मापे घेतात. दुकानात वजने नव्हती, म्हणून मी आणि हेल्पर दोघे पाऊण तास सीटवर हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलो. पडद्यावर मागच्या डाव्या चाकाचा टो, म्हणजे वरून पाहता चाक सरळ दिशेपासून किती वळले आहे ते माप, मर्यादेच्या बराच बाहेर, लाल रंगात दिसला. आतली कड झिजण्याचे खापर मी इतकी वर्षे या गाडीच्या मागच्या चाकांच्या कलण्यावर फोडत होतो. कल मर्यादेतच होता. टायर खाल्ले ते टोने. आधी मागची दोन्ही चाके जुळवली, मग पुढची. उलट क्रमाने केले असते तर स्टिअरिंग वाकडे राहिले असते.

जुने चार टायर दुकानात ठेवून घ्यायला मालक तयार होते आणि त्याचे थोडे पैसेही देऊ करत होते. मी पैसे नाकारले आणि चारही टायरच्या भिंती पात्याने कापून मागितल्या. कापलेला टायर पुन्हा कोणाच्या गाडीला बसू शकत नाही. नाना पेठेत पाहिलेली ती जोडी अजून डोळ्यांसमोर होती.

निघताना हवा तपासली तर चारही चाकांत ३८ भरली होती. बाकी सगळे इतके काळजीपूर्वक करणाऱ्या दुकानात हवा मात्र सर्व गाड्यांना एकच भरतात, हे पाहून हसू आले. दाराच्या खांबावर स्टिकर आहे; उद्या पहाटे टायर थंड असताना त्याप्रमाणे उतरवतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. काल पहाटे हवा स्टिकरप्रमाणे करून सूचना यंत्रणा मेनूतून नव्याने चालू केली होती. थोडे अंतर चालवल्यावर तिने नवे टायर मान्य केले. आज गाडीला झेंडूचा हार घातला. आईने चारही चाकांखाली लिंबे ठेवली आणि मी गाडी पुढे घेताना ती अंगणात उभी राहून म्हणाली, "टायर नवे म्हणजे निम्मी गाडी नवी." खर्च पाहता हा अंदाज फार चुकीचा नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

पहाटे सहाला निघून साताऱ्यापर्यंत जाऊन आलो. नव्या टायरच्या पृष्ठावर साच्यातून सुटताना लागलेला गुळगुळीत थर असतो, तो जाईपर्यंत पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जपून चालवावे लागते. त्यामुळे खंबाटकी घाटात जोर केला नाही. तरीही फरक लगेच कळला. पुलांचे सांधे पूर्वी एकेक करून मोजता येत, आता ते नुसते कानावर येतात. स्टिअरिंगचा पहिला प्रतिसाद मात्र रनफ्लॅटपेक्षा किंचित सैल आहे. भिंत मऊ असल्यामुळे चाक वळणे आणि गाडी वळणे यांत क्षणाचे अंतर पडते. दोन-तीन वळणांत हाताला त्याची सवय झाली. हा व्यवहार मला मान्य आहे, पण ज्यांना ती ताठ, तत्काळ वळणारी गाडीच हवी आहे, त्यांनी रनफ्लॅट सोडण्याआधी एखाद्या मित्राची साध्या टायरची गाडी चालवून पाहावी.

परतताना वारज्याला थांबून बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घेतले. वीसपैकी एक पाव फेऱ्यापेक्षाही कमी हलला. काकांनी पैसे घेतले नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

टायरवर ९४० किलोमीटर झाले. आज गेजने पुन्हा मोजले आणि मागच्या डाव्या टायरच्या आतली, मधली आणि बाहेरची खाच ही तिन्ही मापे एकमेकांपासून ०.१ मिलिमीटरच्या आत आहेत. मागच्या डाव्या रिमची कड सरळ करणारा कारागीर कात्रजला सापडला आहे. त्याच्याकडे पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे, आणि टायर काढायला व पुन्हा बसवायला चाक वारज्यालाच न्यायचे आहे.